सुभेदार रामजी सकपाळ : लेकराच्या शाळेसाठी रात्री जागवणारा बाप

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. १९१३ साली याच दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले. विहारात त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, बाबासाहेबांचे वडील म्हणून दोन भाषणे होतात आणि कार्यक्रम संपतो.

नेमक्या याच दिवसांत उपनगरांतल्या आपल्या वस्त्यांत शाळाप्रवेशाची धावपळ सुरू असते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, मुलुंडच्या चाळींत, अंधेरी-बोरिवलीकडच्या एसआरएच्या इमारतींत संध्याकाळी आईबापांचा विषय एकच असतो. मराठी शाळा की इंग्रजी? एसएससी बोर्ड की सीबीएसई? महापालिकेची शाळा की खासगी? फी कुठून आणायची? आणि दोन मुले असतील तर, मोठ्या आवाजात कुणी बोलत नाही असा एक प्रश्न असतो : चांगल्या शाळेत दोघांपैकी कुणाला घालायचे?

या प्रत्येक प्रश्नाला रामजीबाबा सव्वाशे वर्षांपूर्वी सामोरे गेले होते. ते कुणी मोठे पुढारी नव्हते. पेन्शनवर घर चालवणारा, आई गेलेल्या मुलांना सांभाळणारा, परळच्या चाळीत एका खोलीत राहणारा एक बाप होता. म्हणून यंदा त्यांचे चरित्र आम्ही एका पालकाचे चरित्र म्हणून सांगणार आहोत. त्यांनी काय निवडले, त्यासाठी काय दिले आणि त्या निवडीची किंमत घरात आणखी कुणी मोजली, हे आजच्या तरुण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे.

पलटणीतले मास्तर

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. रामजींचे वडील मालोजी हे फौजेत होते. रामजीही फौजेत गेले आणि सुभेदार या हुद्द्यापर्यंत चढले. त्यांच्या पत्नी भीमाबाई या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचे वडीलही फौजेत सुभेदार होते. म्हणजे दोन्हीकडे फौजी घर.

हे फौजी घर आपल्या कथेत फार महत्त्वाचे आहे. त्या काळी गावच्या शाळेत अस्पृश्यांच्या मुलांना पाऊल ठेवू दिले जात नव्हते. पलटणीत मात्र शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकावेच लागे. तिथे मुलांसाठी दिवसाची शाळा आणि मोठ्यांसाठी रात्रीची शाळा असे. मुलींनाही त्यातून सूट नव्हती. गावात जे मागूनही मिळत नव्हते, ते छावणीत सक्तीचे होते. महारांच्या काही घरांत अक्षर आले ते या वाटेने.

रामजींनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि पलटणीच्या शाळेत शिकवू लागले. चौदा वर्षे ते तिथे मुख्याध्यापक होते. आपण त्यांना सुभेदार म्हणून ओळखतो, पण पेशाने ते मास्तर होते. मुलाने काय वाचले, गणित कुठे चुकले, भाषांतर कुठे अडले हे बघण्याची नजर त्यांच्याकडे होती. आजच्या बहुतेक पालकांकडे ती नसते. या फरकाकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातल्या महू छावणीत रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य जन्मले. घरात त्याला भिवा म्हणत. चौदांपैकी जगलेली मुले थोडीच : बाळाराम, आनंदराव आणि भिवा हे मुलगे, मंजुळा आणि तुळसा या मुली.

भिवाच्या जन्मानंतर वर्षभरातच, १८९२ मध्ये, इंग्रज सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. याकडे आपण बहुधा नोकऱ्या गेल्या म्हणून पाहतो. पण भरतीबरोबर पुढच्या पिढीच्या सक्तीच्या शाळेचे दारही बंद झाले. या हुकमाविरुद्ध सरकारकडे केलेल्या अर्जाची एक प्रत रामजींच्या जुन्या कागदपत्रांत बाबासाहेबांना पुढे सापडली. तो अर्ज न्यायमूर्ती रानडे यांनी लिहून दिला होता, असे त्यांना चौकशीअंती सांगण्यात आले. रामजींनी तो कागद शेवटपर्यंत जपून ठेवला होता. काय हातचे गेले, हे मास्तर असलेल्या माणसाला बरोबर कळले असणार.

दापोली आणि सातारा

निवृत्तीनंतर रामजी कुटुंब घेऊन कोकणात दापोलीला आले. तिथल्या कॅम्पात बरीच पेन्शनर फौजी कुटुंबे राहत. पण पेन्शनीत भागेना. साताऱ्यात सरकारी कामावर नोकरी मिळाली आणि सगळे साताऱ्याला गेले. तिथे १८९६ मध्ये भीमाबाई वारल्या. भिवा तेव्हा पाच वर्षांचा होता. रामजींच्या बहीण मीराबाई यांनी मुलांना आईच्या मायेने सांभाळले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. दरवर्षी आपण हा दिवस साजरा करतो. पण त्या दिवशी फॉर्मवर सही करणारा हात कुणाचा होता, याची आठवण क्वचितच काढली जाते.

शाळेत प्रवेश मिळाला, पण वर्गात बसायला जागा मिळाली नाही. भिवाला बसायला वेगळे गोणपाट असे. ते घरून न्यायचे आणि घरी आणायचे, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई जागेवर नसेल तर तहानलेलेच राहायचे. साताऱ्यात न्हावी केस कापायला तयार नसत, म्हणून बहीण घराच्या ओट्यावर बसवून भावांचे केस कापायची.

हे सगळे रामजींना माहीत होते. मुलगा रोज अपमान सोसून घरी येतो हे बघूनही त्यांनी त्याला शाळेतून काढले नाही. याचा अर्थ अपमान त्यांना लागत नव्हता असा नाही. घरात त्यांनी मुलांसाठी वेगळे वातावरण उभे केले होते. रामजी कबीरपंथी होते. घरात दारू नव्हती. रोज संध्याकाळी मुलामुलींनी एकत्र बसून पाठांतर करायचे, हा कडक नियम होता. त्यातून भाषा कानावर बसली, उच्चार सुधारले, बसून अभ्यास करायची सवय लागली. या बैठकीत मुलीही असत. शाळेत जे मिळत नव्हते त्यातले काही रामजींनी घरात तयार केले.

हे चित्र सगळेच गोड नव्हते. साताऱ्यात रामजींनी दुसरे लग्न केले. आईची जागा दुसरीने घेतलेली भिवाला आवडली नाही. आता बापाच्या जिवावर जगायचे नाही, असे त्याने ठरवले. साताऱ्यातली पोरे मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागल्याचे त्याने ऐकले होते. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याच्या कमरेचा बटवा लांबवायचा बेत केला. तीन रात्री साधले नाही. चौथ्या रात्री बटवा हाताला लागला, तर आत अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याची त्याला लाज वाटली आणि गिरणीत जाण्याऐवजी नेट लावून शिकायचे आणि लवकर आपल्या पायावर उभे राहायचे, असे त्याने ठरवले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच पुढे सांगितला. आपल्या वस्तीतला चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा घरच्या रागाने शाळा सोडून डिलिव्हरीच्या कामाला लागतो, तेव्हा तो वाया गेला असे म्हणण्यापूर्वी हा बटवा आठवावा.

खटावचे गोरेगाव

पुढे रामजींना गोरेगाव इथे कॅशियरचे काम मिळाले. हे आपल्या पश्चिम उपनगरातले गोरेगाव नव्हे, सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले. तिथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने तलाव खोदायला घेतला होता. मुले साताऱ्यातच राहिली, कारण शाळा तिथे होती. पोटासाठी बाप एका गावी आणि शाळेसाठी मुले दुसऱ्या गावी, ही विभागणी कोकण-मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या आपल्या कितीतरी घरांनी अनुभवली आहे.

१९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रामजींनी मुलांना गोरेगावला बोलावले. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे बूट घालून निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कुणी आले नव्हते. पत्र पोचले होते, पण नोकर ते रामजींना द्यायला विसरला होता. कपड्यांवरून मुले चांगल्या घरची दिसत होती, म्हणून स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला. जात कळताच तो मागे सरकला. कुणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक बैलगाडी मिळाली. गाडीवान बाजूने चालत होता. डबा बरोबर होता, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही आणि मुले उपाशीच झोपली.

भिवा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्यापूर्वीही अस्पृश्यतेचे चटके त्याला बसले होते, पण आपण कोण समजले जातो हे या प्रवासाने त्याच्या मनावर कायमचे कोरले. रामजींनी मुलांना नीटनेटके कपडे, स्वच्छ भाषा, शिस्त हे सगळे दिले होते. चांगला गणवेश आणि चांगले इंग्रजी मिळाले की जात मागे पडते, असे आजही काही पालकांना वाटते. मसूरच्या फलाटावर ते खोटे ठरले होते. मुलाला चांगली शाळा द्यायचीच, पण शाळेत किंवा कॉलेजात कुणी आडनाव विचारले तर ताठ मानेने कसे उभे राहायचे, हेही घरात शिकवावे लागते. ते कोणत्याच बोर्डाच्या अभ्यासक्रमात नसते.

मुंबई : एल्फिन्स्टनची निवड

१९०४ च्या अखेरीला गोरेगावचे काम संपले आणि रामजी कुटुंबासह मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एक खोली घेतली. आजूबाजूला गिरणी कामगारांची वस्ती. भिवा आधी मराठा हायस्कुलात जाऊ लागला. काही महिन्यांतच रामजींनी त्याला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. ते सरकारी हायस्कूल होते आणि मुंबईतल्या नावाजलेल्या शाळांपैकी एक होते.

हा निर्णय आपण थांबून पाहिला पाहिजे. शाळा परळपासून लांब. पेन्शन तेवढीच. चाळीतली बाकीची पोरे गिरणीच्या वाटेने चाललेली. मुलगा तेव्हा वर्गात पहिला येणारा म्हणून गाजलेला नव्हता. रामजींनी मुलाची टक्केवारी बघून शाळा ठरवली नाही. मुलाला शक्य तितके चांगले शिक्षण मिळाले पाहिजे, हे आधी ठरवले आणि मग बाकीची जुळवाजुळव केली.

या नामवंत शाळेतही जात होतीच. भिवाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते हलवले. त्याला संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. नाव मोठे असलेली शाळा मनाने मोठी असतेच असे नाही.

रात्री दोनचा दिवा

रामजींचे खरे मोठेपण आम्हाला शाळेच्या निवडीपेक्षा खोलीतल्या दिव्यात दिसते. एकच खोली. त्यातच स्वयंपाक, जाते, सरपण, माणसे आणि बांधलेली शेळी. अभ्यासाला जागा नाही आणि शांतताही नाही. रामजींनी यावर एक उपाय काढला. संध्याकाळी भिवाला लवकर झोपवायचे, आपण जागे राहायचे, रात्री दोनला त्याला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. मग मुलगा पहाटेपर्यंत दिव्याच्या उजेडात वाचत बसे. वय झालेला माणूस आपली अर्धी रात्र रोज मुलाला देत होता.

याशिवाय ते स्वतः शिकवत. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांवर त्यांनी भिवाची तयारी करून घेतली. बाबासाहेबांच्या इंग्रजीचा आज जगभर गौरव होतो. त्या इंग्रजीचा पाया मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करवून घेणाऱ्या बापाने घातला. मराठी की इंग्रजी या वादात पडलेल्या पालकांनी हे लक्षात घ्यावे. रामजींनी मराठी सोडून इंग्रजी आणली नाही. घट्ट मराठीच्या आधाराने इंग्रजी पक्की केली.

बापलेकांत एका गोष्टीवरून कुरबुर होई. भिवाला अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा बाहेरची पुस्तके जास्त आवडत. आधी नेमलेले पुस्तक पुरे कर, असे रामजींना वाटे. तरीही मुलाने पुस्तक मागितले आणि त्यांनी दिले नाही, असे सहसा झाले नाही.

पुस्तकाचे पैसे कुठून येत

ही पुस्तके कुठून येत, हे प्रत्येक भीमजयंतीला सांगितले गेले पाहिजे. पेन्शन संपलेली असे. रामजी लग्न झालेल्या धाकट्या लेकीकडे जात आणि उसने पैसे मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात. तिच्याकडेही रोख नसेल तर तिचा एखादा दागिना घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत करत.

हा प्रसंग आपण बापाच्या त्यागाचा म्हणून सांगतो. पण दागिना मंजुळा आणि तुळसा यांचा होता. सासरी नांदणाऱ्या, स्वतःचे घर ओढणाऱ्या बहिणींनी तो दर वेळी काढून दिला.

आणि आनंदराव? दोन मुलांना हायस्कुलात शिकवणे रामजींना झेपेना. थोरल्या आनंदरावांचे शिक्षण थांबले. त्यांनी जी. आय. पी. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली आणि घराला हातभार लावला. भिवा शिकत राहिला.

आम्ही यासाठी रामजीबाबांना दोष देत नाही. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग कोणता होता, हे आज बसून सांगणे सोपे आहे. पण इतिहास अर्धा सांगू नये. बाबासाहेबांच्या शिक्षणात एका भावाची अर्धवट राहिलेली शाळा आहे आणि दोन बहिणींचे गहाण पडलेले दागिने आहेत. एक मूल पुढे जाते तेव्हा घरातले आणखी कुणीतरी मागे थांबलेले असते. आंबेडकर घराण्याचे मोठेपण हे की त्या थांबण्यातून जे उभे राहिले ते एका घरापुरते उरले नाही, कोट्यवधी लोकांच्या कामी आले.

२८२ गुण आणि एक सत्कार

भिवा मॅट्रिक झाला तेव्हा त्याला ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३८ टक्क्यांच्याही आत. दहावीला ८५ टक्के मिळाले म्हणून मुलीशी दोन दिवस न बोलणाऱ्या आजच्या पालकांनी हा आकडा घरात लिहून ठेवावा. अस्पृश्य मानलेल्या समाजातला मुलगा तिथवर पोचला, हेच त्या काळी मोठे होते.

भिवाच्या शालेय यशाबद्दल समाजातल्या मंडळींनी जाहीर सत्कार करायचे ठरवले. परवानगी मागायला ते रामजींकडे आले. रामजींनी साफ नकार दिला. परीक्षाच तर पास झाला आहे, सत्काराने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे मत होते. मंडळी मग रामजींचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेली. केळुसकर हे शिक्षक आणि लेखक. त्यांनी रामजींना राजी केले. त्या सभेत केळुसकरांनी भिवाला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. १९५६ च्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे पहिले पाऊल मानले जाते. ज्या सत्काराला बापाचा विरोध होता, त्याच सत्कारात मुलाच्या हाती बुद्ध आला. वडीलधाऱ्यांनी योग्य माणसाचे ऐकून आपले मत बदलले, तर किती फरक पडतो हे यातून दिसते.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेज. इंटरपर्यंत रामजींनी कसेबसे निभावले, मग पैसे संपले. इथेही केळुसकर धावून आले. त्यांच्या शब्दामुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. बाप रात्र देऊ शकत होता, बहीण दागिना देऊ शकत होती, पण कॉलेजच्या टप्प्यावर घर कमी पडले. तिथे समाजातला एक जाणता माणूस आणि एक संस्थानिक उभा राहिला, म्हणून गाडी पुढे गेली.

शेवटची भेट

बी. ए. नंतर भीमरावांनी बडोद्याची नोकरी स्वीकारली. रामजींना ते पसंत नव्हते. मुलाने ऐकले नाही. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरत स्टेशनवर ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींची नजर मुलालाच शोधत होती. त्याच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये भीमराव कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोचले. ते बघायला रामजी नव्हते.

आपल्या वस्तीसाठी याचा अर्थ

आता पुन्हा घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीकडे येऊ. आमच्याशी बोलणाऱ्या पालकांत एक समजूत घट्ट बसली आहे : फी जितकी जास्त तितका बाप चांगला. त्यापायी कर्ज काढले जाते. बाप दोन पाळ्या करतो आणि त्याला मुलाशी बोलायला वेळच उरत नाही. घरात इंग्रजी कुणाला येत नाही, म्हणून शाळेच्या फीवर पुन्हा क्लासची फी. आणि पैसे कमी पडले की मुलगा खासगी इंग्रजी शाळेत, मुलगी जवळच्या फुकट शाळेत. ही मुलगी आजच्या काळातली आनंदराव आहे. फरक एवढाच की आनंदरावांच्या वेळी कायदा नव्हता, आज आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा त्याने वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखल्या. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलांना या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबईसारख्या दाट शहरात त्याचा अर्थ बहुतेक दारे बंद, असाच होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. पालक आणि कार्यकर्ते कोर्टात गेले म्हणून हे झाले. पण हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फीचा आकडा समोर येतो तेव्हा पहिलीत पेढे वाटणारे घर हादरते. पहिलीचा फॉर्म भरतानाच नववीचा विचार झाला पाहिजे, आणि तो पालकांना समजावून सांगणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

महापालिकेच्या शाळांकडे पाठ फिरवण्यापूर्वी त्या आत जाऊन बघाव्यात, असेही आम्ही सुचवतो. महापालिकेने मुंबई पब्लिक स्कूल या नावाने सीबीएसईसारख्या बोर्डांच्या शाळाही सुरू केल्या आहेत. एल्फिन्स्टन हीसुद्धा सरकारी शाळाच होती. ती चांगली राहिली, कारण सरकारने ती चांगली ठेवली. आपण सरकारी शाळा सोडून दिल्या तर त्या चांगल्या ठेवा म्हणून भांडायला कुणी उरणार नाही.

राहिला रामजींच्या दिव्याचा प्रश्न. रामजी मास्तर होते, म्हणून मुलाला बसवून शिकवू शकले. नाक्यावर काम शोधणारा बाप आणि चार घरची धुणीभांडी करणारी आई तर्खडकर शिकवू शकत नाही. तिच्यावर तो भार टाकणे अन्यायाचे आहे. पण ती रामजींची दुसरी गोष्ट करू शकते. टीव्ही बंद करून खोलीत दोन तासांची शांतता देऊ शकते, लेकरू उठून बसेपर्यंत जागी राहू शकते. आणि शिकवण्याचे काम आपण करू शकतो. वस्तीतल्या बुद्धविहाराला रविवारी वंदनेपुरते न उघडता रोज संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडता येईल. कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन मुलांचे इंग्रजी आणि गणित घेतले, तर एका वस्तीतल्या कितीतरी आईबापांची क्लासची फी वाचेल. वाचलेली फी मागे राहिलेल्या मुलीच्या कामी येईल.

म्हणून यंदाच्या २ फेब्रुवारीला प्रतिमेला हार घालून झाल्यावर एक काम करावे. विहारात जमलेल्या पालकांपुढे वही ठेवावी. आपल्या वस्तीत यंदा कुणाचे शिक्षण थांबण्याच्या बेतात आहे, त्यांची नावे लिहावीत. आठवी संपवून नववीच्या फीपुढे अडलेला, बारावीनंतर कामाला लावलेला, भावासाठी थांबवलेली. मग एकेका नावापुढे कुणी काय करायचे, ते तिथेच वाटून घ्यावे : कुणी फॉर्म भरून द्यायचा, कुणी जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला जायचे, कुणी शिष्यवृत्तीचा पाठपुरावा करायचा, कुणी नुसते शिकवायचे. केळुसकरांनी हेच केले होते. एका मुलाचे नाव त्यांनी योग्य दारापर्यंत पोचवले.

रामजीबाबांना आपण बाबासाहेबांचे वडील म्हणून वंदन करतोच. आपल्या वस्तीतला एकही आनंदराव, एकही मंजुळा आणि एकही तुळसा यापुढे शाळेतून मागे राहणार नाही, एवढे आपण मनावर घेतले तर ते वंदन त्यांच्यापर्यंत पोचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!